इसामाल: पिवळ्या गावात मुक्कामाला जाताना

मेक्सिकोतल्या युकातानच्या उत्तर भागात टेकड्या नाहीत. जमीन चुनखडीची आणि पोळपाटासारखी सपाट. तेव्हा एखाद्या गावात टेकडी दिसली, तर ती कुणीतरी बांधलेली आहे असं खुशाल समजावं. एवढी एकच गोष्ट आम्हाला आधी कुणी सांगितली असती, तर इसामालची पहिली खेप फुकट गेली नसती.

मेरिदा शहरातून निघणाऱ्या दिवसभराच्या सहलींत चिचेन इत्सा हे माया लोकांचं प्राचीन शहर बघून झालं की परतताना इसामालला तास-दीड तास थांबवतात. आम्हीही तसेच आलो. पिवळ्या भिंतींसमोर फोटो काढले, जेवलो, बसमध्ये बसलो आणि झोपलो. घरी टेक्सासला आल्यावर फोटो पाहताना लक्षात आलं, की प्रत्येक फोटोत मागे जी झाडोऱ्याने भरलेली टेकडी दिसतेय, ती मेक्सिकोतल्या सगळ्यात मोठ्या पिरॅमिडांपैकी एक आहे. आम्ही तिच्याकडे पाठ करून उभे होतो! पुढच्या हिवाळ्यात परत गेलो आणि दोन रात्री राहिलो. हा लेख त्या दुसऱ्या खेपेवरून लिहिला आहे.

गाव छोटंसंच आहे, पंधरा-वीस हजार वस्तीचं. मध्यभागी स्पॅनिश मिशनऱ्यांचा अवाढव्य मठ, भोवती पिवळीजर्द घरं आणि घरांच्या मागे, अंगणात, गल्लीच्या टोकाला माया, म्हणजे इथल्या मूळनिवासी लोकांचे पिरॅमिड. हे गाव ज्या क्रमाने बघाल तसं कळतं. सहलीवाले आधी मठ दाखवतात आणि वेळ उरला तर पिरॅमिड. तुम्ही उलटं करा. कारण पुढे सांगते.

पहिली पायरी: कागद

भारतीय पासपोर्टवर मेक्सिकोचा व्हिसा लागतो. पण अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, जपान किंवा शेंगेन देशांपैकी कुणाचाही चालू व्हिसा पासपोर्टवर असेल, किंवा तुम्ही तिथले कायमचे रहिवासी असाल, तर पर्यटनासाठी वेगळा व्हिसा लागत नाही. इथे 'चालू' या शब्दाकडे नीट बघा. अमेरिकेत एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्या आपल्या बऱ्याच मंडळींचा पासपोर्टवरचा व्हिसा संपलेला असतो आणि हातात फक्त आय-७९७चा, म्हणजे मंजुरीचा कागद असतो. अमेरिकेत राहायला तो पुरतो, मेक्सिकोत शिरायला नाही. विमानाचं तिकीट काढण्याआधी पासपोर्ट उघडून तारीख वाचा आणि शंका असेल तर मेक्सिकोच्या वकिलातीला विचारा.

विमानतळावर शिक्का मारून त्यावर किती दिवस राहता येईल ते लिहितात. जास्तीत जास्त १८० असतात, पण तेवढे मिळतीलच असं नाही. काउंटरवरून हलण्याआधी आकडा वाचा. पहिल्या हॉटेलचं आरक्षण आणि परतीचं तिकीट छापून जवळ ठेवलेलं बरं. मोबाइलची बॅटरी नेमकी तिथेच मान टाकते.

दुसरी पायरी: दिवस निवडणे

नोव्हेंबर ते मार्च. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकतो. विदर्भातल्या माणसाला त्याचं काही वाटणार नाही, पण इथे दमटपणाही असतो. जून ते ऑक्टोबर पावसाचे महिने, आणि चक्रीवादळांचा हंगाम जून ते नोव्हेंबर.

८ डिसेंबरला गावच्या देवीचा, म्हणजे इसामालच्या मारियामातेचा सण असतो. दूरदूरच्या गावांहून लोक येतात. गर्दी आवडत असेल तर मुद्दाम जा, फक्त खोली फार आधी घ्या. मार्चमध्ये दिवस-रात्र समान असतात त्या सुमारास चिचेन इत्साला पिरॅमिडच्या पायऱ्यांवर ऊन-सावलीने उमटणारा सर्पाचा खेळ बघायला जत्रा लोटते. तेव्हा आसपासच्या सगळ्या गावांत खोल्या महागतात.

तिसरी पायरी: पोचणे

जवळचं मोठं शहर मेरिदा, सुमारे ७० किलोमीटरवर. चिचेन इत्सा दुसऱ्या बाजूला, तेही जवळजवळ तेवढंच. समुद्रकाठचं पर्यटनाचं शहर कान्कून मात्र अडीचशे किलोमीटरच्या घरात आहे. त्यामुळे कान्कूनहून एका दिवसात जाऊन येण्याचा बेत कागदावर जमला तरी अंगावर येतो.

मेरिदाहून बस सगळ्यात सोपी. 'नोरेस्ते' नावाच्या स्थानकावरून दुसऱ्या वर्गाच्या बस सुटतात. मेरिदात बसस्थानकं एकाहून जास्त आहेत. वातानुकूलित लांब पल्ल्याच्या 'आदो' गाड्यांचं स्थानक वेगळं. टॅक्सीवाल्याला नुसतं 'बस स्टँड' सांगितलंत तर तो तुम्हाला तिथे नेऊन सोडेल. ही बस गावोगावी थांबत जाते. दीड-दोन तास धरा. आपल्या लाल डब्याची सवय असलेल्यांना ती आरामशीर वाटेल.

नवी 'त्रेन माया' रेल्वे २०२३च्या डिसेंबरपासून धावते आणि इसामालला तिचं स्थानक आहे. गाड्या दिवसाला मोजक्याच असतात आणि स्थानक गावाच्या मध्यात नाही, म्हणून तिकिटाबरोबर तिथून पुढे कसं जायचं तेही ठरवून ठेवा.

गाडी भाड्याने घेणार असाल तर तीन गोष्टी लक्षात ठेवा. एक, संकेतस्थळावर दिसणारं स्वस्त भाडं खरं नसतं. तिसऱ्या पक्षाचा विमा मेक्सिकोत सक्तीचा आहे आणि तो काउंटरवर जोडला जातो. कधी कधी तो भाड्याहून जास्त भरतो. दोन, टोलचा रस्ता 'कुओता' आणि बिनटोलचा 'लिब्रे'. लिब्रे रस्ता गावांमधून जातो, आणि प्रत्येक गावाच्या वेशीवर 'तोपे' म्हणजे स्पीडब्रेकर असतो. काहींवर रंग नसतो, पाटी नसते, नुसता दणका असतो. तीन, पेट्रोल कर्मचारीच भरतात. नळी लावण्याआधी मीटर शून्यावर आहे ना ते बघा. आपल्याकडे हे कुणाला शिकवावं लागत नाही.

शिवाय घड्याळ. कान्कून ज्या राज्यात आहे ते किंताना रू युकातानच्या एक तास पुढे असतं. कान्कूनहून येताना तासभर फुकट मिळतो. परत जाताना तो व्याजासकट वसूल होतो, आणि विमान नेमकं तेव्हाच असतं.

चौथी पायरी: मुक्काम

मठापासून तीन-चार गल्ल्यांच्या आत राहा, म्हणजे सगळं पायी होतं. बरीच हॉटेलं म्हणजे जुनी घरं आहेत: रस्त्याकडून नुसती पिवळी भिंत आणि दार, आत चौक, झाडं, छोटा तलाव. आपल्या वाड्यांत राहिलेल्यांना ही रचना ओळखीची वाटेल. खोलीच्या भिंतीत समोरासमोर दोन लोखंडी कड्या दिसल्या तर चक्रावू नका. त्या 'आमाका' म्हणजे जाळीचा झुला टांगायला असतात. युकातानी घरांत पलंगापेक्षा त्यावर झोपणारे जास्त. त्यात सरळ लांब झोपायचं नसतं, तिरकं आडवं व्हायचं. सरळ झोपलात तर पाठ केळ्यासारखी वाकते आणि सकाळी झुल्याला शिव्या द्याल.

पत्त्यांची पद्धत समजून घ्या. रस्त्यांना नावं नाहीत, आकडे आहेत. सम आकड्यांचे रस्ते दक्षिणोत्तर, विषम पूर्व-पश्चिम. पत्ता असा असतो: '२७ पोर २६ इ २८', म्हणजे सत्तावीस क्रमांकाच्या रस्त्यावर, सव्वीस आणि अठ्ठावीस यांच्या मधे. दोन वळणांत हे डोक्यात बसतं आणि मग नकाशा खिशात जातो. जो पत्ता उदाहरणाला दिलाय तो मोठ्या पिरॅमिडच्या दाराचाच आहे.

पाचवी पायरी: सकाळी आठला किनिच काक मो

दार आठला उघडतं. तेव्हाच जा. दहानंतर दगड तापतात आणि वर सावलीचं एक पान नाही. तिकीट लागत नाही. आम्हाला वहीत नाव लिहायला सांगितलं, तेवढंच. पाणी बरोबर घ्या, टोपी घ्या, आणि चपला नकोत, बूट घाला.

नावाचा अर्थ 'सूर्यमुखी अग्नी-मकाव'. मकाव म्हणजे मोठा रंगीत पोपट. भर दुपारी सूर्यदेव मकाव पक्ष्याच्या रूपात खाली उतरून वेदीवरचा नैवेद्य आपल्या अग्नीने जाळून नेतो, अशी इथली श्रद्धा होती. साथ आली, दुष्काळ पडला की लोक इथे येत.

पायथा सुमारे २०० मीटर गुणिले १८० मीटर, उंची पस्तीस मीटरच्या आसपास. आकडे वाचून काही कळत नाही, कारण समोर उभं राहिल्यावर पिरॅमिड दिसतच नाही. दिसतो तो एक चढ. रस्त्यावरून पायऱ्या चढून वर येता तेव्हा वाटतं, झालं. आणि समोर उघडतं एक मोठं गवताळ मैदान, क्रिकेट खेळता येईल एवढं. मैदानाच्या उत्तर टोकाला दुसरा, लहान पिरॅमिड उभा असतो. म्हणजे आतापर्यंत चढलात तो नुसता चौथरा होता.

पायऱ्या अरुंद, उंच आणि असमान आहेत. काही ठिकाणी कड झिजून गुळगुळीत झाली आहे. कठडा नाही, दोर नाही. चढताना नागमोडी चढा आणि उतरताना तिरकं उतरा. आमच्याबरोबर सासूबाई होत्या, वय सत्तर, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. त्या पहिल्या टप्प्यापर्यंत आल्या, मैदानातल्या झाडाखाली बसल्या आणि म्हणाल्या, "मी इथून बघते, तुम्ही जाऊन या." तसं करण्यात काही बिघडत नाही. खालच्या टप्प्यावरूनसुद्धा गाव दिसतं.

वर पोचल्यावर आधी क्षितिज बघा. चारी बाजूंना हिरवं सपाट रान, कुठेही एक उंचवटा नाही. मग दक्षिणेकडे वळा. पिवळा मठ आणि त्याच्या आसपास घरांमधून वर आलेले दोन-चार झाडोऱ्याचे ढीग. तेही पिरॅमिडच. गावाचं एक टोपणनाव 'टेकड्यांचं शहर' आहे, ते का, हे इथूनच कळतं. चिचेन इत्साला मुख्य पिरॅमिडवर चढायला कधीचीच बंदी झाली आहे. तिथे दोरीच्या पलीकडून बघायचं. इथे अजून दगडावर हात ठेवता येतो, म्हणून तो सांभाळूनच ठेवा. दगड उचलायचे नाहीत, नावं कोरायची नाहीत. हे लिहावं लागतं याचं वाईट वाटतं, पण लिहिते.

उतरण्याआधी पायथ्याचे दगड निरखा. प्रचंड मोठे, कोपरे गोलसर घासलेले, पावासारखे. ही इसामालची खास जुनी शैली, पंधराशे वर्षांपूर्वीची आणि त्याही आधीची. चिचेन इत्साचा प्रसिद्ध पिरॅमिड उभा राहिला तेव्हा हे पिरॅमिड जुने झाले होते. तो दगड डोक्यात ठेवा आणि मगच मठाकडे चला.

सहावी पायरी: मठ

सान अंतोनियो दे पादुआचा हा फ्रान्सिस्कन पंथाच्या ख्रिस्ती साधूंचा मठ १५६१मध्ये पूर्ण झाला. तोही एका पिरॅमिडवर उभा आहे. पाप-होल-चाक नावाचा माया चौथरा होता, त्याचा वरचा भाग पाडला, दगड काढले आणि त्याच दगडांनी त्याच चौथऱ्यावर मठ बांधला. म्हणूनच उताराच्या रस्त्याने किंवा पायऱ्यांनी वर चढून जावं लागतं. ज्याला आपण देवळाचा जिना समजतो, तो खरा पिरॅमिडचा उतार आहे. भिंती नीट बघत गेलात तर मधेच एखादा कोरीव दगड दिसतो, ज्याची नक्षी शेजारच्या दगडाशी जुळत नाही. तो कुठून आलाय हे आता तुम्हाला सांगायला नको. आधी पिरॅमिड बघा म्हटलं ते याचसाठी.

वरच्या प्रांगणाला ७५ कमानींचा ओटा आहे. व्हॅटिकननंतर जगातलं हे सगळ्यात मोठं बंदिस्त प्रांगण, असं इथला प्रत्येक गाइड छाती फुगवून सांगतो. प्रांगण एवढं मोठं का? माया लोकांना उघड्यावर, मोकळ्या चौकात पूजा करायची सवय होती. नव्याने बाटवलेले हजारो लोक चर्चच्या आत मावणार नव्हते, आणि यायलाही बिचकत होते. मग मिशनऱ्यांनी चौकच मोठा केला.

मठ उभारणारा फ्राय दिएगो दे लांदा हे या गावाचं अवघड दुखणं आहे. १५६२च्या जुलैमध्ये यानेच मानी गावात मायांची मूर्ती-शिल्पं आणि पोथ्या जाहीरपणे जाळल्या. आज अख्ख्या जगात मायांच्या फक्त चार पोथ्या उरल्या आहेत. त्याने अधिकाराबाहेर जाऊन छळ केला म्हणून त्याला स्पेनला बोलावून घेतलं गेलं. तिथे बसून त्याने युकातानच्या लोकांविषयी सविस्तर लिहून काढलं: त्यांचं कॅलेंडर, सण, शेती, आणि माया अक्षरांची एक चुकीची पण उपयोगी यादी. १९५२ साली युरी क्नोरोझोव्ह या सोव्हिएत अभ्यासकाने त्याच यादीचा धागा पकडून माया लिपी वाचायची वाट मोकळी केली. ज्याने पोथ्या जाळल्या त्याच्याच कागदाने उरलेल्या पोथ्या वाचता आल्या. पुढे लांदा बिशप होऊन युकातानला परतला. त्याचा पुतळा मठाजवळच आहे. आम्ही त्याच्यासमोर बराच वेळ उभे राहिलो. नमस्कार करावा असं वाटलं नाही, आणि सरळ निघूनही जाववेना.

चर्चच्या आत वेदीच्या मागे, वरच्या बाजूला देवीची खोली आहे. मूळ मूर्ती लांदानेच ग्वातेमालाहून आणली होती. युकातानातल्याच वायादोलिद शहरातल्या स्पॅनिश लोकांनी ती पळवून न्यायचा प्रयत्न केला, तेव्हा मूर्ती इतकी जड झाली की हलेना, अशी कथा सांगतात. ही गोष्ट ऐकताना सासूबाईंनी लगेच मान डोलावली. आपल्या देवांच्याही अशा कथा त्यांना डझनभर पाठ आहेत. ती मूर्ती १८२९च्या आगीत गेली. आता आहे ती तिची जोडीची मूर्ती, मेरिदाहून आणलेली.

आत जाताना टोपी काढा, खांदे झाका. प्रार्थना चालू असेल तर फोटो नको.

प्रांगणात पोप दुसरे जॉन पॉल यांचा पुतळा दिसेल. ते ऑगस्ट १९९३मध्ये इथे मूळनिवासी लोकांना भेटायला आले होते. गाव पिवळं का, याचं एक उत्तर इथे मिळतं: पोप येणार म्हणून सगळं रंगवलं. दुसरं उत्तर घोडागाडीवाला देतो: पिवळा हा सूर्याचा आणि मक्याचा रंग, तो आमचाच. दोन्ही ऐकून घ्या.

सातवी पायरी: उरलेले ढीग

इत्सामातुल, काबुल, आबुक, एल कोनेहो अशी त्यांची नावं. काबुल वाचून आमच्या मुलाने लगेच अफगाणिस्तान काढलं. माया भाषेत त्याचा अर्थ 'निर्माता हात' असा सांगतात. या काबुलवर चुन्याचा एक प्रचंड चेहरा होता. १८४२मध्ये अमेरिकन प्रवासी जॉन स्टीफन्स इथे आला, तेव्हा त्याच्याबरोबरच्या फ्रेडरिक कॅदरवुडने त्याचं चित्र काढलं. चेहरा पुढे नाहीसा झाला आणि चित्र राहिलं.

हे सगळे एका सकाळीत पायी होतात, पण सगळे बघायलाच हवेत असं नाही. वेळ कमी असेल तर फक्त इत्सामातुल करा. तो मठाच्या पूर्वेला, अगदी जवळ आहे. वर चढा आणि मठाचा फोटो तिथून घ्या, दुपारी चारनंतर, ऊन तिरकं झाल्यावर. पाचला दार बंद होतं.

घोडागाडीला इथे 'व्हिक्तोरिया' म्हणतात, आणि घोड्यांच्या डोक्यावर फुलांच्या टोप्या असतात. बसण्याआधी किती मिनिटं, किती पैसे, माणशी की गाडीमागे, हे तिन्ही ठरवून घ्या. माझं मत विचाराल तर भर दुपारी बसू नका, घोड्याचे हाल बघवत नाहीत. सकाळी हस्तकला कारागिरांच्या घरी जायला मात्र गाडी सोयीची. लाकूड कोरणारे, कोकोयोल पामच्या कठीण बियांचे दागिने करणारे, घायपाताच्या धाग्याच्या वस्तू विणणारे लोक आपापल्या घरातच काम करतात. तुम्ही दार वाजवायचं.

होय, घायपातच. आपल्याकडे रेल्वेरुळांच्या कडेला दिसतं त्याचं सख्खं भावंड इथे 'एनेकेन' म्हणून शेतांत लावायचे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी दोरखंडांचा कच्चा माल युकातानहून जगभर जाई, आणि 'सिसल' हे नाव इथल्याच सिसाल बंदरावरून पडलं. मालकांनी त्यातून मेरिदात महाल बांधले. पानं कापणारे माया मजूर कर्जात बांधलेले होते.

आठवी पायरी: पोट

शाकाहारी असाल तर हा भाग दोनदा वाचा. 'सिन कार्ने' म्हणजे मांस नको, पण इथे 'कार्ने' म्हटलं की बऱ्याच जणांच्या डोळ्यांपुढे गाय-डुक्कर येतं, कोंबडी नाही. म्हणून पूर्ण सांगा: 'सिन कार्ने, सिन पोयो, सिन हामोन, सिन मान्तेका.' पोयो म्हणजे कोंबडी, हामोन म्हणजे हॅम. शेवटचा शब्द महत्त्वाचा. मान्तेका म्हणजे डुकराची चरबी, आणि काळ्या घेवड्याचं जे मऊसूत वाटण सगळीकडे येतं, त्याला बऱ्याचदा तिचीच फोडणी असते. दिसायला पूर्ण शाकाहारी, म्हणून जास्त फसवं.

खात्रीने खाण्यासारखं: 'सिकिल पाक'. भाजलेल्या भोपळ्याच्या बिया, भाजलेला टोमॅटो, कोथिंबीर, सगळं वाटून. माझ्या आईच्या हातच्या दुधीच्या सालीच्या चटणीची आठवण झाली. अंडं चालत असेल तर 'पापात्सुलेस' मागवा: भोपळ्याच्या बियांच्या रश्शात बुडवलेल्या मक्याच्या पोळ्या, आत उकडलेलं अंडं, वरून टोमॅटोचा रस्सा. 'चाया' ही पालकासारखी पालेभाजी अंड्यात येते आणि सरबतातही. मांसाहारी असाल तर 'कोचिनिता पिबिल' ठरलेलं: आंबट संत्र्याच्या रसात आणि आचिओते नावाच्या बियांच्या लाल वाटणात मुरवून, केळीच्या पानात बांधून, जमिनीखालच्या भट्टीत शिजवलेलं डुकराचं मांस. ते सकाळचं खाणं आहे. बाजारात रविवारी लवकर जा, अकरापर्यंत संपतं.

टेबलावर कांद्या-टोमॅटोची साधीशी कोशिंबीर येते, तिचं नाव 'श्नी-पेक'. माया भाषेत याचा अर्थ 'कुत्र्याचं नाक', कारण खाल्ल्यावर तुमचं नाक तसंच ओलं होतं. आत आबानेरो नावाची जहाल मिरची असते. ठेचा पचवणारी माणसं इथे हटकून फुशारकी मारतात आणि हटकून पाणी मागतात. आमच्या घरात ते कोण होतं ते लिहीत नाही.

मठाजवळच्या बाजारात स्वस्त खाणं मिळतं, पण दुपारनंतर गाळे बंद होऊ लागतात. बसून नीट जेवायचं असेल तर पिरॅमिडजवळचं 'किनिच' हे रेस्टॉरंट प्रसिद्ध आहे. सहलीच्या बस दुपारी एक ते तीन तिथेच उतरतात, म्हणून त्याआधी जा. बाजारात चिकू दिसला तर घ्याच. हे झाड मूळचं इकडचंच, आणि आपला 'चिकू' हा शब्दसुद्धा इथल्या 'चिकोसापोते'चाच शेपूट तुटलेला नातेवाईक आहे.

पाणी नळाचं प्यायचं नाही. टीप दहा ते पंधरा टक्के. छोट्या जागी कार्ड चालत नाही, म्हणून पेसो जवळ ठेवा. एटीएमने 'तुमच्या चलनात रूपांतर करू का' विचारलं तर नाही म्हणा आणि पेसोतच हिशेब होऊ द्या, नाहीतर बँक आपला वाटा काढून घेते. संडासात कागद शेजारच्या डब्यात टाकायचा, भांड्यात नाही.

नववी पायरी: संध्याकाळ

चार-पाचच्या सुमारास शेवटची सहल-बस निघून गेली की गाव बदलतं. मोटारी कमी होतात, चौकात म्हाताऱ्या येऊन बसतात. त्यांच्या अंगावर 'इपिल' असतो, गळ्याशी आणि घेराला रंगीत फुलं भरलेला पांढरा सैल झगा. आपसांत बोलतात ती माया भाषा. तुम्ही जाता-येता 'मालोब किन' म्हणा, म्हणजे शुभ दिवस. 'बिश अ बेल?' म्हणजे कसं काय. शब्दशः, 'तुझी वाट कशी आहे?' उत्तर 'मालोब', चांगली. माझे उच्चार ऐकून एक आजी इतकी हसली की शेजारणीला हाक मारून तिने मला पुन्हा म्हणायला लावलं.

चौकात गाडीवर 'मार्केसिता' मिळते: कुरकुरीत गुंडाळी, आत किसलेलं एडम चीज आणि हवं तर कारामेल. खारट-गोड एकत्र नको वाटेल, पण एकदा खाऊन बघा. ठरावीक रात्री मठाच्या भिंतीवर प्रकाश-ध्वनीचा खेळ असतो, तो कोणत्या वारी आहे ते हॉटेलात विचारा. नसेल तर नुसते कमानींखाली बसा. डास असतात, मलम लावून या.

दहावी पायरी: दुसऱ्या दिवशी कुठे

गाडी असेल तर मेरिदाच्या वाटेवरचं आके करा. मायांच्या काळात इसामाल ते आके असा तीस किलोमीटरच्या आसपासचा पांढरा दगडी रस्ता होता, 'साक्बे'. आकेला एका मोठ्या चौथऱ्यावर दगडी खांबांच्या रांगा उभ्या आहेत आणि शेजारीच घायपाताची जुनी हवेली-गिरणी. गर्दी जवळजवळ नसते.

चिचेन इत्साला जायचं तर इसामालहून पहाटे निघा आणि दार उघडताच आत शिरा. तिकीट दोन भागांत असतं, एक केंद्राचं, एक राज्याचं, आणि दोन्ही घेतल्याशिवाय सोडत नाहीत. परतताना बिनटोलच्या रस्त्यावर योकत्सोनोत नावाचं सेनोते लागतं, गावकऱ्यांच्या सहकारी संस्थेने चालवलेलं. सेनोते म्हणजे चुनखडीचं छत कोसळून तयार झालेली गोड्या पाण्याची नैसर्गिक विहीर. पोहता येत नसेल तर लाइफ जॅकेट घ्या, लाजू नका. पाण्यात उतरण्याआधी अंघोळ करावी लागते आणि अंगाला क्रीम चालत नाही.

निघताना

परतीच्या शेवटच्या बसची वेळ आल्या दिवशीच स्थानकावरच्या फळ्यावरून लिहून घ्या. मोबाइलवरची वेळ आणि फळ्यावरची वेळ जुळली नाही तर फळ्यावर विश्वास ठेवा. विकत घ्यायचं झालं तर झुला घ्या, पण दोन्ही हातांनी ताणून जाळी किती दाट आहे ते बघून. आणि मध. युकातानात बिननांगीच्या माश्यांचा मध मिळतो, पातळ आणि किंचित आंबट. तो विमानात हातातल्या सामानात ठेवू नका. तपासणीवाल्यांच्या लेखी मध द्रव पदार्थ आहे, आणि आमची बाटली त्यांच्या टेबलावरच राहिली.